फळीवर हंस की बिबट्या?



या सदराकडे येणारी पत्रे बहुतेक लोणच्याला बुरशी का आली, तांब्याचा बंब चकचकीत कसा करावा, जुन्या साडीच्या गोधडीला अस्तर कुठले लावावे, अशी असतात. या खेपेला संगमनेर तालुक्यातल्या एका भगिनींचे पत्र आले आहे, ते जरा निराळे आहे. म्हणून आजचे सगळे पान त्यालाच देते.

त्या लिहितात : "माझी मुलगी बारा वर्षांची. तिला स्केटबोर्डचे वेड लागले आहे. तिच्या मामांचे सुतारकामाचे दुकान आहे, त्यांनी तिला घरीच फळी करून दिली. आता फळीवर चित्र काढायचे आहे. मी म्हणते, माझ्या रुखवताच्या पाटावर होते तसे हंस आणि कमळे काढू, नाहीतर पेंटरकडून नीट काढून घेऊ. ती म्हणते, मी बिबट्याच काढणार आणि मीच काढणार. सासूबाई म्हणतात, उसात बिबट्या, रस्त्यात बिबट्या, आता घरातही आणा! शिवाय मुलीच्या जातीने गुडघे फोडून घ्यायचे हे त्यांना मुळीच पटत नाही. तीन आठवडे झाले, फळी माळ्यावर पडून आहे आणि मुलगी नीट बोलत नाही. तरी कुठला रंग टिकेल आणि चित्र सुबक कसे येईल, ते कळवावे."

बाईंनी विचारले आहे रंगाचे. पण पत्रात प्रश्न दोन आहेत. विचारलेला आधी घेऊ, न विचारलेला मागाहून.

ही फळी आहे तरी कशी?

ज्यांच्या घरात हे वेड अजून शिरलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. स्केटबोर्ड म्हणजे साधारण बत्तीस इंच लांब आणि आठ इंच रुंद अशी फळी. दोन्ही टोके किंचित वर वळलेली. खाली पुढे एक आणि मागे एक असे धातूचे दांडे, त्यांना ट्रक म्हणतात, आणि त्यांना चार चाके. १९५०च्या सुमारास अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर लाटांवर फळी घेऊन खेळणारी मुले होती. समुद्र शांत असेल त्या दिवशी करायचे काय, म्हणून त्यांनी फळीला चाके लावली. पुढे सत्तरच्या दशकात युरेथेनची चाके आली. ती रस्ता धरून ठेवू लागली आणि खेळ जगभर पसरला.

कारखान्यातली फळी मेपल नावाच्या लाकडाच्या सात पातळ पदरांची असते. पदर एकावर एक डिंकाने चिकटवून साच्यात दाबतात. बहुतेक पदरांच्या रेषा लांबीला आणि एकदोन पदरांच्या रुंदीला, म्हणून ती लवते पण चटकन मोडत नाही. आपल्याकडे घरी करताना सुतार चार मिलिमीटरच्या चांगल्या प्लायचे तीन थर पाण्याला न सुटणाऱ्या डिंकाने चिकटवून, साच्यात क्लॅम्पने आवळून रात्रभर ठेवतात. फर्निचरची अठरा मिलिमीटरची जाड फळी कापून दिली तर ती जड होते, लवत नाही आणि टोकाशी तिचे टवके उडतात. तेव्हा रंगाच्या डब्याला हात लावण्याआधी मामांना एक काम सांगा. फळीची टोके दोन विटांवर टेकवून त्यांनी स्वतः मधोमध उभे राहावे आणि हळूच वरखाली करावे. करकर आवाज आला किंवा कडेला थर सुटलेला दिसला, तर ती फळी भिंतीवर शोभेला लावा आणि नवी करा. मोडक्या फळीवर चांगले चित्र म्हणजे फुटक्या माठाला कल्हई.

आणि हो, चित्र काढायचे ते फळीच्या पोटावर, म्हणजे खालच्या बाजूला. वरच्या बाजूला पॉलिश पेपरसारखी खरखरीत काळी चिकटपट्टी असते, तिला ग्रिप म्हणतात. पाय घसरू नये म्हणून ती. वरच्या बाजूला रंग आणि वॉर्निश लावून गुळगुळीत केलेत तर पोर पहिल्याच दिवशी पाठीवर पडेल. मग खालचे चित्र दिसणार कुणाला, असे विचाराल. फळी काखेत मारून मूल रस्त्याने निघते तेव्हा सगळ्या गल्लीला दिसते! मुले फळीवर असतात त्यापेक्षा जास्त वेळ फळी त्यांच्या काखेत असते.

साहित्य

पॉलिश पेपर दोन प्रकारचे, एक १२० नंबरचा आणि एक २२० नंबरचा. लाकडाचा सीलर किंवा पांढरा प्रायमर, छोटा डबा. ॲक्रिलिक रंग पाचसहा : काळा, पांढरा, पिवळा, तांबडा, तपकिरी, निळा. ब्रश तीन : एक इंचभर रुंद, एक मध्यम, एक बारीक. फळीएवढा कागद. शिवणाची सुई. जुन्या धोतराचा तुकडा आणि गेरूची पूड. पारदर्शक पीयू लॅकर किंवा चांगले वॉर्निश. दोन रिकामे डबे, फळी उचलून ठेवायला.

शाळेत मुले वापरतात ते पोस्टर कलर इथे घेऊ नका. ते पाण्याने पुन्हा सुटतात आणि वॉर्निशचा ब्रश फिरवताना पसरतात. दाराखिडक्यांचा ऑइलपेंट पक्का असतो, पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावतोच आपण. पण तो वाळायला वेळ घेतो, वास फार आणि मुलांच्या हातून बारीक काम त्यात होत नाही. घरात जुना उरलेला डबा असेल तर तो मुळीच वापरू नका. पूर्वी अशा रंगांत शिसे बरेच असे. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. नवा डबा घ्या, त्यावर शिशाबद्दल काय छापले आहे ते वाचा. आणि घासताना तोंडाला रुमाल बांधा, मुलालाही बांधायला लावा.

कृती

पहिला दिवस. फळीला चाके लावलेली असतील तर काढून ठेवा. आधी १२०च्या आणि मग २२०च्या पेपरने घासा, नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने. आडवे घासले तर ओरखडे उठतात आणि रंगाखालून दिसत राहतात. कडा जरा गोल करा म्हणजे हाताला कूस लागणार नाही. ओलसर फडक्याने पुसून, वाळल्यावर सीलरचा एक पातळ हात द्या. लाकडाच्या रेषा दिसाव्यात असे वाटत असेल तर नुसता सीलर. रंग भडक उठून दिसायला हवेत तर पांढरा प्रायमर. फळीला ट्रकसाठी आठ भोके असतात, पुढे चार नि मागे चार. त्यांत काडेपेटीच्या काड्या खोचून ठेवा, म्हणजे रंग भरून बुजणार नाहीत.

दुसरा दिवस. सीलर वाळल्यावर लाकडाचे तंतू उभे राहतात, हाताला खरखर लागते. २२०च्या पेपरने हलकेच घासून पुन्हा पुसा. हा टप्पा सगळ्याजणी गाळतात आणि मग रंग सोलून निघाला की रंगाला नावे ठेवतात.

तिसरा दिवस, चित्र उतरवणे. इथे आपली जुनी विद्या उपयोगी पडते. भरतकामाचा खाका कसा करतो? कागदावर चित्र काढून रेषेवर सुईने जवळजवळ भोके पाडायची आणि वरून रॉकेलमध्ये कालवलेली नीळ फिरवायची. इथे खाका तोच, फक्त रॉकेल नाही, कारण तेलकट लाकडावर रंग धरत नाही. त्याऐवजी धोतराच्या तुकड्यात गेरूची पूड बांधून पुरचुंडी करा आणि ती भोकांवरून टपटप आपटत न्या. कागद उचलला की तांबड्या ठिपक्यांनी सगळे चित्र फळीवर. ठिपके पेन्सिलीने जोडा आणि पूड फुंकून टाका. ज्या घरात ठिपक्यांची रांगोळी काढतात तिथे हे दोनदा सांगायला नको. आणखी एक सोय म्हणजे खाका राहतो. चित्र बिघडले तर घासून पुन्हा उतरवता येते, आणि धाकट्या भावाने हट्ट धरला तर त्यालाही तेच.

चौथा आणि पाचवा दिवस, रंग. आधी मोठे भाग, मग लहान, शेवटी काळी बाह्यरेषा. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात द्या, मध्ये तासभर जाऊ द्या. वाटीतला रंग दाट लागला तर थेंबभर पाणी. जास्त पातळ केलात तर ओघळेल.

नाव लिहायचे असेल तर जुन्या एक्स-रेच्या फिल्मचा छाप कापा. फिल्म गरम पाण्यात भिजवून घासली की काळेपणा जातो आणि छाप धुऊन धुऊन वर्षभर पुरतो. देवनागरी अक्षरे कापताना मात्र एक ध्यानात ठेवा. व, ब, क या अक्षरांच्या पोटातला गोल सुटून खाली पडतो. म्हणून गोलाला दोन ठिकाणी काडीएवढा जोड ठेवून कापायचे आणि रंग वाळल्यावर तेवढी फट ब्रशने भरून घ्यायची. ज्यांना इतका उपद्व्याप नको त्यांच्यासाठी तालुक्याच्या गावी गाड्यांच्या नंबरप्लेट करणारा रेडियमवाला असतोच. तो अक्षरे कापून देतो. पण रेडियमची कड रस्त्याला घासून उचलली जाते, रंगाची नाही.

सहावा दिवस विश्रांतीचा. रंग पुरा वाळू द्या.

सातवा दिवस, लॅकर. पातळ असे तीन हात, प्रत्येक हातानंतर डब्यावर लिहिले असेल तेवढा वेळ थांबून. मुलाने कुठे स्केचपेन किंवा मार्कर वापरला असेल तर आधी टाकाऊ तुकड्यावर तोच मार्कर आणि तेच लॅकर लावून पाहा. पुष्कळ मार्कर लॅकरने फुटतात आणि काळी रेघ जांभळी होऊन पसरते. आणखी एक साधा नियम : पाण्याच्या रंगावर तेलाचे वॉर्निश चालते, पण तेलाच्या रंगावर पाण्याचा रंग टिकत नाही. लॅकर लावताना खिडक्या उघड्या आणि देवघरातली समईसुद्धा विझलेली असावी. वाफ पेट घेणारी असते.

आपल्या नगर जिल्ह्यात पावसापेक्षा धुळीचा त्रास अधिक. एप्रिल-मेमध्ये दुपारी वावटळ उठली की ओल्या लॅकरवर सारी माती. म्हणून लॅकरचे काम सकाळी लवकर, आतल्या खोलीत, फळी दोन डब्यांवर ठेवून आणि वर मच्छरदाणी सोडून. अकोल्याकडच्या, भंडारदरा-रतनवाडीच्या भगिनींनी मात्र आषाढ-श्रावणात हे काम काढूच नये. तिकडच्या ओल्या हवेत लॅकर दुधाळ पडते.

त्यानंतर आठवडाभर फळी चालवायला देऊ नका. हे सगळ्यात अवघड, मला माहीत आहे. तोवर वरची ग्रिप चिकटवण्याचे आणि तिच्या कडा ब्लेडने कापण्याचे काम मोठ्या माणसाने करून घ्यावे.

आता बिबट्या

बिबट्या काढणे हंसापेक्षा सोपे आहे, हे ऐकून आश्चर्य वाटेल. हंसाची मान जरा चुकली की बदक होते. बिबट्याला सारे ठिपकेच सांभाळून घेतात.

ठिपके काढताना मुले सारखे काळे टिकले देतात, आणि मग तो चित्ता दिसतो. बिबट्याच्या पाठीवर नि कुशीवर ठिपके नसतात, तुटक्या कड्या असतात. तीनचार काळे डाग गोलात बसलेले, मध्ये अंगापेक्षा जरा गडद पिवळा. डोके, मान आणि पायांवर मात्र भरीव ठिपके. कड्या उठवायला घरातलीच युक्ती : कोवळी भेंडी आडवी कापा, तपकिरी रंगात टेकवा आणि ठसा उठवा. त्याभोवती बारीक ब्रशने तीनचार काळे तुकडे द्या. एक सारखा दुसरा येत नाही, आणि तेच बरोबर. कुठल्याही दोन बिबट्यांच्या अंगावरची नक्षी सारखी नसते. रानात काम करणारे लोक फोटोतली ही नक्षी पाहूनच कुठला बिबट्या कोणता ते ओळखतात.

जागा कुठली धरायची? फळीच्या दोन्ही टोकांचा रंग सगळ्यात आधी जातो, कारण नवशिके मूल थांबताना मागचे टोक जमिनीला घासते. ट्रकच्या खाली चित्र झाकले जाते. म्हणून तोंड आणि डोळे येतील ते दोन ट्रकच्या मधल्या जागेत. शेपटी मागच्या टोकाकडे जाऊ द्या. थोडी झिजली तरी बिबट्याचे काही बिघडत नाही.

आता सासूबाईंचे म्हणणे. संगमनेर-अकोल्याकडच्या बाईने बिबट्याचे नाव ऐकून कपाळाला आठ्या घातल्या तर तिला हसू नये. तिने शेळ्या गमावलेल्या असतात, संध्याकाळी नातवंडांना अंगणातून आत ओढलेले असते. अकोल्याच्या खोऱ्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. जंगल नाही, नुसती शेते आणि वस्त्या असलेल्या त्या भागात शंभर चौरस किलोमीटरला पाचएक मोठे बिबटे राहतात असे त्यात निघाले. म्हणजे ही मुलगी काही पुस्तकातला प्राणी काढत नाही. ज्याच्या भीतीने तिला अंधार पडायच्या आत घरात बोलावतात, तोच ती काढते आहे. ज्याची भीती वाटते ते काढून पाहावेसे वाटणे, हे मुलांचे शहाणपण असते. वर्गात मी हे पुष्कळदा पाहिले आहे. पुराच्या वर्षी सगळी मुले पूरच काढतात.

पण एक मात्र सासूबाईंना अवश्य विचारा. त्या भागात पुष्कळ घरांत वाघोबा पुजतात, वाघबारशीला त्याचा नैवेद्य असतो. तुमच्याकडे किंवा त्यांच्या माहेरी तसे असेल, तर पायाखालच्या फळीवर त्याचे तोंड येणे त्यांना खटकणारच, आणि ते खटकणे रास्त आहे. मग तोंड काढू नका. नुसत्या अंगावरच्या कड्या सगळ्या फळीभर भरा, नाहीतर चिखलात उमटलेले पंजे काढा. हाच नियम इतर चित्रांनाही. गणपती, स्वस्तिक, शिवाजी महाराज, कुठल्याही धर्माचे चिन्ह किंवा देशाचा झेंडा, हे फळीवर नको. घरात कौतुक होईल, रस्त्यावर भांडण होईल.

मुलीची जात आणि फुटलेले गुडघे

सासूबाईंची दुसरी तक्रार, मुलीने हे खेळावे का? उत्तर मी देत नाही, घडलेलेच सांगते. टोकियोचे ऑलिंपिक २०२१ साली झाले, त्यात हा खेळ पहिल्यांदाच होता. मुलींच्या स्ट्रीट प्रकारात सोने मिळाले ते जपानच्या मोमिजी निशियाला आणि रुपे ब्राझीलच्या रायसा लेआलला. दोघी तेरा वर्षांच्या. आपल्या महाराष्ट्रात पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने २०२२ साली गुजरातेत झालेल्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत या खेळाचे सुवर्णपदक मिळवले. आणि मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातल्या जनवार या लहानशा खेड्यात उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी २०१५ साली मुलांसाठी फळी खेळायचे सिमेंटचे मैदान बांधले. तिथले दोन नियम मला फार आवडतात : शाळा बुडवली तर फळी नाही, आणि आधी पाळी मुलींची. त्या गावातली आशा गोंड २०१८ साली चीनमध्ये जागतिक स्पर्धेला जाऊन आली.

गुडघ्यांबद्दल सासूबाई चूक नाहीत, पडणे हे आहेच. त्याला उपाय म्हणजे हेल्मेट, गुडघ्याला आणि कोपराला पॅड, मनगटाला पट्टा आणि सपाट तळाचे बूट. चप्पल घालून नाही, अनवाणी तर नाहीच. हेल्मेटशिवाय फळी घराबाहेर जाणार नाही, हा नियम चित्राला होकार देण्याआधी करून टाका. त्या वेळी मुले काहीही कबूल करतात. जागा म्हणजे कॉलनीतला सिमेंटचा रस्ता, शाळेचे प्रांगण, मंगल कार्यालयाचे रिकामे आवार. कारखान्याचा पट्टा पेटला की उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या ज्या रस्त्याने धावतात तिथे मुळीच नाही.

आणि न विचारलेला प्रश्न

बाईंनी रुखवताच्या पाटाचे नाव काढले, म्हणून लिहिते. आपल्यापैकी कितीजणींनी तो पाट रंगवला! उन्हाळ्याच्या दुपारी, शेजारच्या ताईकडून नमुना आणून, खाका टोचून, हंसाच्या डोळ्याला टिकली लावून. लग्नाच्या मांडवात चार बायकांनी वाखाणला. त्यानंतर? रंग जाईल म्हणून त्यावर कुणी बसले नाही. माझा पाट आजही ट्रंकेत आहे, जुन्या लुगड्यात गुंडाळलेला, रंग अगदी काल दिल्यासारखा. तुमचाही असेल. नमुना आपला नव्हता, आणि पाट वापरायचा नव्हता. आपल्या हातची कला अशी शाबूत राहिली आणि कुणाच्या उपयोगी पडली नाही.

लाकडावर रंग देणाऱ्यांचे गाव म्हणून आपल्याकडे सावंतवाडीचे नाव आहे. तिथले चितारी लाकडी खेळणी, पाट, चौरंग आणि हाताने रंगवलेले गंजिफाचे गोल पत्ते करत. छापील पत्ते आल्यावर गंजिफा बुडत चालली होती. सत्तरच्या दशकात शिवरामराजे आणि राजमाता सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून ती पुन्हा उभी केली. पण मुळात ते पत्ते होते खेळायचेच. हातातून हातात फिरायचे, झिजायचे, आणि झिजले म्हणून पुन्हा चिताऱ्याकडे काम यायचे. वापरात होती तोवर कला चालत होती.

स्केटबोर्डचे चित्र तसेच आहे. अमेरिकेत १९८५ साली जिम फिलिप्स नावाच्या चित्रकाराने एक निळा हात काढला, तळव्यात किंचाळणारे तोंड असलेला. सांता क्रूझ कंपनीच्या फळ्यांवरचे ते चित्र जगभर गाजले. ज्या मुलांनी त्या फळ्या विकत घेतल्या त्यांनी काही महिन्यांत तो हात रस्त्यावर घासून टाकला असेल, आणि तरी त्यांना तो आयुष्यभर आठवत राहिला. चित्राचे काम तेवढेच. ते त्या मुलाचे असावे आणि त्याच्याबरोबर फिरावे.

म्हणून बाई, पेंटर बोलावू नका, आणि हंस काढू नका. तुम्ही हंस उत्तम काढाल यात शंका नाही. पण मग ती तुमची फळी होईल. शाळेत चित्रांच्या वह्या तपासताना मला दिसते की सहावीसातवीत मुलींची चित्रे एकाएकी सारखी होतात. तीच झोपडी, तोच नारळ, तीच डोंगरामागची सकाळ. चौथीपर्यंत त्याच मुली सहा पायांच्या गाई आणि हिरवे आजोबा काढत होत्या. मधल्या काळात कुणीतरी चांगल्या मनाने त्यांच्या हातातून पेन्सिल घेतलेली असते, "थांब, मी नीट करून देते" म्हणत.

तुमचे काम आहे फळी घासून देणे, सीलर लावून देणे, खाका कसा टोचायचा ते दाखवणे आणि लॅकरच्या वेळी तिला वासापासून दूर ठेवणे. मधले दोन दिवस तुम्ही स्वयंपाकघरात राहा. बिबट्याचे कान मोठे झाले तरी बोलू नका. सासूबाईंना मात्र जवळ बसवा आणि बिबट्या खरा कसा दिसतो ते नातीला सांगायला सांगा. घरात तो पाहिलेले माणूस बहुधा त्याच असतील.

निगा

थोड्या गोष्टी निगेच्या. फळी पावसात भिजवू नका. भिजलीच तर कोरडी पुसून उभी ठेवा, उन्हात नको, नाहीतर थर सुटतात. महिन्यातून एकदा ट्रकचे नट पान्याने आवळून पाहा. टोकाशी लॅकर जाऊन लाकूड उघडे पडले की तेवढ्या भागाला २२०चा पेपर मारून पुन्हा एक हात द्या. चित्र दुरुस्त करायची गरज नाही, पण लाकूड उघडे राहू देऊ नका, पाणी तिथूनच शिरते. वर्षाने चित्र पुरते गेले तर पोटाकडची बाजू सगळी घासून घ्या आणि मुलीला विचारा, आता काय काढायचे? खाका जपून ठेवला असेल तर बिबट्या पुन्हा येईल. पण बहुधा तोवर तिला दुसरेच काही सुचलेले असेल.

पुढच्या अंकात एका भगिनींच्या आग्रहावरून उन्हाळी वाळवणांवर बसणाऱ्या पाखरांचा बंदोबस्त.